आतून दिलेला रंग

जुलैचा शेवटचा आठवडा आला की पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा या वसई तालुक्यातल्या कोळीवाड्यांत शाकारलेल्या होड्या उघड्या होऊ लागतात. १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ. तो सरण्याआधी होडीवरचे आच्छादन काढायचे, पावसाने फुगलेला जुना रंग खरवडायचा, फटी बुजवायच्या आणि ऑइल पेंटचे दोन हात मारून होडी पाण्यात जायला सजवायची, ही दरवर्षीची घाई. नाळेवर नाव काढताना एखादे अक्षर वाकडे गेलेच, तर रॉकेलचे फडके हाताशी असते. फडके फिरवण्याआधी रंग सुकला तरी फारसे बिघडत नाही. वरून आणखी एक हात मारला की खालचे वाकडे अक्षर गडप होते. जुन्या होडीची फळी तासायला घेतली तर रंगाचे पापुद्रे एकाखाली एक निघत जातात, हिरव्याखाली निळा, निळ्याखाली तांबडा, जणू झालेल्या हंगामांची मोजदादच.

आता त्याच तालुक्यातल्या एखाद्या सात मजली इमारतीच्या गच्चीवर चला. वर्तमानपत्र पसरलेले आहे आणि त्यावर रिमोटवर धावणाऱ्या गाडीची बॉडी पालथी ठेवलेली आहे. खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाची, जेमतेम १९ सेंटिमीटर रुंद, काचेसारखी आरपार दिसणारी आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीसारखी हलकी. रंग बाहेरून द्यायचा नाही, आतून द्यायचा. स्प्रेचा डबा हलवून बटण दाबले, हात क्षणभर थांबला आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाचा ओघळ आला. इथे कोळीवाड्यातला उपाय चालत नाही. दुसरा हात मारला तर तो ओघळाच्या मागे जाऊन बसतो आणि ओघळ पुढून तसाच दिसत राहतो.

होडीवर शेवटचा हात दिसतो, या बॉडीवर पहिला. रंगातली चूक दुरुस्त करण्याच्या साऱ्या युक्त्या या एका फरकामुळे दोन घराण्यांत विभागल्या गेल्या आहेत आणि दोन्ही घराण्यांचा इतिहास मोठा आहे. बाहेरून रंगवणाऱ्यांचे घराणे वसईने आपल्या किनाऱ्यावर आणि महामार्गावर पाहिले. आतून रंगवणाऱ्यांचे घराणे दूरच्या बंदरांतून महाराष्ट्रात आले.

वसईच्या आसपास होड्या आणि गलबते बांधण्याचे काम पोर्तुगीज इथे स्थिरावण्याआधीपासून चालत आले आहे. सोळाव्या शतकात आगाशी जहाजबांधणीसाठी नावाजलेली होती. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली, पुढे इंग्रज आले, पण लाकूड खाऱ्या पाण्यापासून वाचवण्याची गरज कोणत्याच अमलात बदलली नाही. डब्यातला रंग किनाऱ्यावर यायच्या आधी माशाचे तेल, राळ, डामर, चुना यांवर भागत असे. हे लेप शोभेपेक्षा टिकाऊपणासाठी होते. एक थर झिजला की दुसरा चढवायचा, एवढाच हिशोब. चूक नावाची गोष्ट तिथे जवळजवळ नव्हतीच, कारण पुढचा थर ठरलेलाच होता.

चुकीला किंमत आली ती मोटारगाडीबरोबर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाडी रंगवणे म्हणजे घोड्याची बग्गी रंगवणे, तीच पद्धत. तेलाचा रंग आणि वार्निश यांचे थरावर थर, मध्ये घासकाम, प्रत्येक थर वाळण्याची वाट पाहणे. एक गाडी कारखान्यातून बाहेर पडायला रंगापायी आठवडे जात. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ आणि जनरल मोटर्स यांनी नायट्रोसेल्युलोजचे लॅकर बाजारात आणले. नाव ड्यूको. ओकलंड कंपनीच्या निळ्या गाड्यांनी ते आधी मिरवले. आठवड्यांचे काम तासांवर आले. हा रंग इतका भरभर वाळे की ब्रशने लावताना ब्रशच चिकटे, म्हणून तो फवाऱ्यानेच द्यावा लागे. फवाऱ्याचे यंत्र तयार होतेच. टोलेडो शहरातल्या ॲलन डेव्हिलबिस या डॉक्टरांनी १८८८ मध्ये घशात औषध फवारण्यासाठी एक साधन बनवले होते. त्यांचे चिरंजीव थॉमस यांनी १९०७ मध्ये त्याच तत्त्वावर रंगाची गन केली. घशाच्या औषधासाठी निघालेली युक्ती मोटारीच्या दारावर येऊन स्थिरावली.

ड्यूको हा शब्द तिकडे इतिहासजमा होत चालला असला तरी आपल्याकडे तो ठणठणीत आहे. आजही वसईतला सुतार कपाटाच्या दाराला चकचकीत रंग द्यायचा असला की 'ड्युको मारू या' म्हणतो. डब्यात आता दुसरेच रसायन असले तरी नाव शंभर वर्षांपूर्वीचे आहे.

मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत, वसई फाट्याच्या दोन्ही अंगांना, डेंटिंग-पेंटिंगची कामे पिढ्यान्पिढ्या चालत आली. या कारागिरांच्या तोंडची भाषा म्हणजे रंगाच्या चुकांचा कोशच आहे. ओघळ, पिनहोल, डाग, झाक, आणि रंग दाणेदार बसला तर ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याची साल. प्रत्येक चुकीला ठरलेला उपाय आहे. ओघळ आला तर थांबायचे, हात लावायचा नाही, पूर्ण सुकू द्यायचा, मग वॉटर पेपर पाण्यात भिजवून लाकडी ठोकळ्यावर गुंडाळायचा आणि ओघळाचा उंचवटा तेवढाच घासायचा. संत्र्याची साल आली तर आणखी बारीक पेपर, त्यावर रबिंग, त्यावर पॉलिश. डाग खोल असेल तर लांबी भरायची, अस्तर द्यायचे, पुन्हा हात मारायचा. नवशिक्याला पहिल्यांदा घासायलाच बसवतात, गन हातात यायला वर्षे जातात. ही रीत विचार करून ठरवली आहे की सोयीने पडली, सांगता येत नाही, पण तिचा परिणाम असा की गन हातात येण्याआधीच पोराला चूक कशी दुरुस्त करतात हे कळलेले असते.

वालीव, सातिवली, गोखिवरे, गोलाणी नाका इथल्या औद्योगिक वसाहतींत याच घराण्याची एक धाकटी शाखा आहे, पावडर कोटिंगची. गाळ्यात विजेचा भार दिलेली रंगाची पूड लोखंडी भागावर उडवतात, ती चिकटून राहते आणि भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर वितळून एकजीव होते. इथे चूक सुधारण्याची वेळ नेमकी ठरलेली आहे. भट्टीत जाण्याआधी हवेच्या झोताने पूड झटकून भाग पुन्हा कोरा करता येतो. भट्टीतून बाहेर आल्यावर मात्र तो रसायनात बुडवून सोलून काढावा लागतो. माल आत ढकलण्यापूर्वी कारागीर तो दिव्याखाली फिरवून पाहतो, तो क्षण त्या गाळ्यातला सर्वांत महत्त्वाचा क्षण असतो.

किनाऱ्यावरच्या रंगकामाला आणखी एक शत्रू आहे, दमट हवा. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर दव धरते. वसईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत पाणी इतके असते की काळा रंग पाहता पाहता दुधाळ दिसू लागतो. गॅरेजवाले सावकाश उडणारा थिनर वापरतात किंवा सरळ ऊन पडेपर्यंत थांबतात. गच्चीवरचा हौशी पोरगा बहुधा थांबत नाही. सुट्टीचा दिवस आणि नवी बॉडी असली की आभाळाकडे पाहायला कुणाला सुचते? ती पांढरी झाक बसली की बाहेरून रंगवलेल्या वस्तूवर ती घासून काढता येते. आतून रंगवलेल्या बॉडीवर ती रंग आणि प्लॅस्टिक यांच्या मध्ये अडकते.

इथे दुसऱ्या घराण्याची गोष्ट सुरू होते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात काचेवर काढलेली चित्रे आहेत. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी दिवे, अडकित्ते, कुलपे, दारे गोळा करता करता हीही गोळा केली. पुढून पाहिले तर चित्र काचेखाली चौकटीत बसवले आहे असे वाटते. प्रत्यक्षात कागद नाहीच. रंग काचेच्या पाठीवर दिलेला आहे आणि आपण तो काचेतून पाहतो. अठराव्या शतकात चीनच्या कँटन बंदरात ही कला भरभराटीला आली. तिथल्या चित्रकारांची काचचित्रे व्यापारी जहाजांतून पश्चिम भारतात येऊ लागली आणि उत्तर पेशवाईपासून पुढे इथल्या सरदार-सावकारांच्या दिवाणखान्यांत ती दिसू लागली. त्या काळात वसईवर मराठ्यांचे निशाण होते आणि समुद्री व्यापाराचे केंद्र खाडीपलीकडच्या मुंबईत सरकत होते.

काचचित्र काढणाऱ्याचा क्रम नेहमीच्या चित्रकाराच्या नेमका उलट. कॅनव्हासवर आधी पार्श्वभूमी, मग अंगावरचे वस्त्र, मग चेहरा, आणि सर्वांत शेवटी डोळ्यातला तो पांढरा ठिपका ज्याने नजर जिवंत होते. काचेवर तो ठिपका पहिला. त्यावर बुबुळ, त्यावर डोळ्याचा पांढरा भाग, पापणीची रेघ, नथीचे मोती, मग गालाचा रंग, मग शालू, आणि अगदी शेवटी भिंत किंवा आभाळ. शिवाय सगळे उलटे. उजवा हात डावीकडे, अक्षरे मागून पुढे. चेहऱ्याचा रंग भरून झाल्यावर मोती काढायचे राहिले असे लक्षात आले तर तो मोती आता कुठेही काढून उपयोग नाही, तो गालाच्या मागे जाणार. एकच मार्ग उरतो, तेवढा भाग पात्याने खरवडून काच कोरी करायची आणि पुन्हा ठिपक्यापासून सुरुवात. काच कठीण असते, पात्याने तिच्यावर ओरखडा उठत नाही, ही त्या कारागिरांची मोठी सोय होती.

मुंबई-वसईच्या जुन्या दुकानांच्या काचेच्या दारांवर सोनेरी अक्षरांत मालकाचे नाव किंवा दवाखान्याची वेळ लिहिणारे पेंटर याच घराण्यातले. पावसाने आणि पुसण्याने अक्षर झिजू नये म्हणून ते दुकानात उभे राहून काचेच्या आतून उलटी अक्षरे काढत. रस्त्यावरच्या माणसाला नाव सरळ दिसे.

रिमोटच्या गाडीकडे हा उलटा रंग काचेवरून आला तो एका नव्या पदार्थामार्फत. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीच्या हेर्मान श्नेल यांनी आणि त्याच वर्षी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी एकमेकांची खबर नसताना पॉलिकार्बोनेट बनवले. काचेसारखे पारदर्शक, पण हातोडीने ठोकले तरी न फुटणारे. अमेरिकेत ते लेक्सन या नावाने विकले गेले आणि हौशी लोकांत आजही बॉडीला 'लेक्सन' म्हणायची पद्धत आहे. या प्लॅस्टिकचा पातळ पत्रा तापवून मऊ केला, साच्यावर अंथरला आणि खालून हवा ओढून घेतली की तो साच्याचा आकार घेतो. मिठाईच्या डब्यातले खणांचे ट्रे याच रीतीने होतात आणि वसई पूर्वेच्या गाळ्यांतही हे काम चालते.

१९६० च्या दशकात अमेरिकेत खाचेतून धावणाऱ्या छोट्या विजेच्या गाड्यांच्या शर्यतींचे वेड पसरले होते. त्या गाड्या सारख्या उलटत, भिंतीवर आपटत. बाहेरून दिलेला रंग दोन शर्यतींत खरचटून जाई. पारदर्शक पत्र्याची बॉडी करून रंग आतून दिला तर ओरखडा प्लॅस्टिकवर पडतो, रंगाला धक्का लागत नाही. दुकानाच्या काचेवर आतून नाव लिहिणाऱ्या पेंटरचे आणि या शर्यतवाल्यांचे उत्तर एकच निघाले.

रेडिओवर चालणाऱ्या मोटारी त्याच काळात बाजारात येऊ लागल्या. इटलीतल्या एल-जी कंपनीने १९६६ मध्ये बाराव्या हिश्शाची फेरारी काढली. पण ही हौस घराघरांत नेली ती जपानच्या शिझुओका शहरातल्या तामियाने. १९४६ मध्ये लाकडाच्या वखारीपासून सुरू झालेल्या या कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ची रेडिओ कंट्रोल गाडी बाजारात आणली. मॉडेलचा तपशील अचूक यावा म्हणून कंपनीने खरी पोर्शे विकत घेऊन सुटी केली होती. त्या गाडीची बॉडी जाड, कठीण प्लॅस्टिकची होती आणि ती बाहेरूनच रंगवायची होती. शर्यतीच्या गाड्या हलक्या करायच्या म्हणून पुढे पातळ पॉलिकार्बोनेटचे राज्य आले आणि त्याबरोबर उलट्या रंगाचेही.

स्प्रेचा डबा त्याआधीच घरोघर पोचलेला होता. नॉर्वेच्या एरिक रोथाइम यांनी १९२७ मध्ये दाबाखाली भरलेल्या डब्याचे पेटंट घेतले, दुसऱ्या महायुद्धात त्यातून डास मारण्याचे औषध निघाले आणि १९४९ मध्ये अमेरिकेच्या सिकामोर गावातल्या एडवर्ड सेमूर यांनी त्यात रंग भरला. तामियाने पॉलिकार्बोनेटसाठी स्वतंत्र रंग काढले, डब्यावर पीएस अशी अक्षरे असलेले. कठीण प्लॅस्टिकसाठी टीएस वेगळे. हा फरक जाहिरातीपुरता नाही. टीएस रंग लवचीक बॉडीला धरत नाही, पहिल्या आपटीला तडे जाऊन पापुद्रे निघतात. उलट पीएस रंग कठीण प्लॅस्टिकच्या मॉडेलवर मारला तर तो प्लॅस्टिकच खाऊ लागतो. वसईच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा स्प्रे धातूसाठी केलेला असतो. तो पॉलिकार्बोनेटवर पहिल्या दिवशी सुंदर दिसतो आणि बॉडी वाकली की सोलून येतो.

आता त्या गच्चीवरच्या ओघळाकडे परत येऊ. काम करणारा हात अनुभवी असेल तर तो गॅरेजच्या शिकवणीच्या अगदी उलट वागेल. गॅरेजवाला ओघळ सुकण्याची वाट पाहतो. इथे ओघळ ओला असतानाच गाठायचा. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ती ओघळावरून एकाच दिशेला फिरवायची, प्रत्येक फेऱ्याला काडी नवी. मागेपुढे घासले की रंग पसरतो आणि आधी थेंबाएवढा असलेला डाग बॉनेटभर होतो. रंग पूर्ण सुकला असेल तर पॉलिकार्बोनेटसाठीच बनवलेला क्लीनर लागतो. घरात असते म्हणून नेलपॉलिश काढायचे द्रव आणायचा मोह होतो, पण त्यातले ॲसिटोन पॉलिकार्बोनेटला चांगलेच बाधते. लागलेला भाग पांढरा पडतो, त्यात केसाएवढे तडे दिसू लागतात आणि मग रंग निघाला तरी खिडकी आंधळी होते. गॅरेजमधला थिनरही याच कारणाने वर्ज्य.

मास्किंग टेपच्या कडेखालून रंग झिरपला तर पाते उचलायचे नाही. काचेवर पाते चालते, प्लॅस्टिकवर नाही. बांबूची दातकोरणी चालते. तिचे टोक चावून किंचित मऊ केले की ती झिरपलेला रंग उचलते आणि खाली ओरखडा सोडत नाही. हे काम हळू चालते, एका खिडकीच्या कडेला पाऊण तास सहज जातो, आणि पाठ भरून येते. मुळात झिरपू द्यायचेच नसेल तर टेपची कड नखाने दाबून घ्यायची आणि पहिला हात जवळजवळ कोरडाच मारायचा, सव्वा वीत अंतरावरून, भरभर. बॉडीवर नुसती रंगाची धूळ बसली पाहिजे. ती वाळल्यावर दुसरा हात, मग तिसरा.

काही चुका मात्र दुरुस्त होतच नाहीत आणि काचचित्रवाल्यांना त्या चांगल्या ठाऊक होत्या. गडद रंग आधी, फिका नंतर. पिवळ्या गाडीवर काळा पट्टा हवा असेल तर पट्टा आधी रंगवायचा. पिवळा भरून झाल्यावर पट्टा आठवला तर तो नथीच्या राहिलेल्या मोत्यासारखा आतच राहतो. अशा वेळी काही जण बाहेरून स्टिकर लावतात, काही जण सगळा पिवळा उतरवून पुन्हा बसतात. शेवटी पाठीला पांढरा किंवा चंदेरी हात द्यायला विसरले तर गाडी उन्हात धरल्यावर रंग फिका पडतो, आतल्या वायरी दिसतात. ही चूक मात्र सुखाची आहे, कारण तो हात केव्हाही देता येतो.

सगळे झाले की बाहेरून चिकटवलेली संरक्षक फिल्म सोलायची. इतका वेळ रंग मंद, धुरकट दिसत असतो, कारण आपण तो उलट्या बाजूने आणि फिल्मवर उडालेल्या फवाऱ्याच्या धुळीतून पाहत असतो. नख घालून एक कोपरा सोडवला आणि फिल्म ओढली की खाली आरशासारखी झळाळी येते. कोणतेही पॉलिश न करता मिळालेली ती झळाळी प्लॅस्टिकची असते, रंगाची नसते. केळकर संग्रहालयातल्या शालूची चमकही तशीच काचेची आहे.

काचचित्रांचे दुखणे म्हणजे वर्षांनी रंग काचेपासून सुटतो, विशेषतः दमट हवेत. चेहऱ्याचा एखादा कण गळून पडतो आणि तिथून पलीकडचा अंधार दिसू लागतो. संवर्धन करणारे लोक अशा वेळी मूळ रंगाला हात न लावता, गळलेल्या जागेच्या मागे त्याच छटेने रंगवलेला कागद बसवतात. पुढून पाहिले तर गाल पुन्हा भरलेला दिसतो. शर्यतीत आपटून आपटून बॉडीच्या कोपऱ्यातला रंग सुटला तर हौशी पोरे जे करतात ते याहून फार वेगळे नसते. सुटलेले पापुद्रे बोटाने झाडायचे, आतून त्या जागी ब्रशने जुळता रंग भरायचा, वर मजबुतीसाठी कापडी टेपचा तुकडा दाबायचा, आणि बॉडी पुन्हा चासीवरच्या खुंट्यांवर चढवून क्लिपा लावायच्या.